दगड तोच, उंचीही तीच

सोलापुरातल्या एका कॉलेजच्या भूगोल विभागात सिद्धाराम बिराजदार एकतीस वर्षं नोकरीला आहे. कागदावर त्याचं पद 'प्रयोगशाळा परिचर' असं आहे. प्रत्यक्षात विद्यार्थी त्याला 'मामा' म्हणतात, प्राध्यापक 'अरे सिद्धाराम' म्हणतात आणि प्राचार्य काहीच म्हणत नाहीत, नुसती बेल वाजवतात. येत्या मे अखेरीस तो निवृत्त होणार. एकतीस वर्षं शेवटच्या वर्षाच्या वर्गाबाहेर दारात उभं राहून तीच ती व्याख्यानं ऐकल्यामुळे प्राकृतिक भूगोल त्याचा इतका तोंडपाठ झालाय, की सर एखादं वाक्य विसरले तर तो पुढचं वाक्य पुटपुटतो. पदवी मात्र त्याला मिळाली नाही, कारण परीक्षेचा फॉर्म भर असं त्याला कुणी सांगितलं नाही, आणि न सांगितलेलं काम सिद्धाराम करत नाही.

हा त्याचा स्वभाव गावाकडचा नाही. अक्कलकोट तालुक्यात बोरी नदीकाठी तो वाढला, घरात कानडी बोलत, शाळेत मराठी शिकत आणि उरलेला दिवस पाण्यात काढत. तिथे तो बापाचंही ऐकत नसे. सांगितलेलं तेवढंच करायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे शहाणपण त्याला नोकरीनं शिकवलं. एका अर्थानं तेवढं एकच शिक्षण त्या विभागात पक्कं होतं.

विभागाचे प्रमुख प्रा. डॉ. उदयसिंह रणनवरे. त्यांनी जिल्ह्यातल्या पावसावर डॉक्टरेट मिळवलीय आणि पावसाचा थेंब पडला की ते स्टाफरूमची खिडकी लावून घेतात. त्यांच्या देखरेखीखाली विभागात खडकांचं एक कपाट आहे. त्यातला ग्रॅनाइटचा नमुना म्हणजे फरशीवाल्याकडून आणलेला स्वयंपाकाच्या ओट्याच्या कडप्प्याचा तुकडा, एका बाजूनं चकाचक पॉलिश केलेला. जिप्समचा खडा कुणीतरी घरी नेला, तेव्हा सरांनी त्या डब्यात फळ्यावरचा खडू ठेवायला सांगितलं. फळ्यावरचा खडू जिप्समचाच असतो हे सरांना ठाऊक नव्हतं. त्यामुळे संपूर्ण कपाटात तो एकच नमुना खरा आहे, तोही चुकून.

प्रात्यक्षिकांचं तर विचारूच नका. बारा वर्षांपूर्वी संस्कृती नावाच्या एका मुलीनं फार सुंदर अक्षरात प्रात्यक्षिकाची जर्नल लिहिली होती. तेव्हापासून दरवर्षी सगळा वर्ग तीच जर्नल उतरवून काढतो. झेरॉक्सच्या दुकानात ती 'भूगोल, शेवटचं वर्ष' एवढं म्हटलं की मिळते. संस्कृतीनं सर्वेक्षणाच्या पानावर 'आकाश निरभ्र, वारा मंद' असं लिहिलं होतं. त्यामुळे गेली बारा वर्षं या कॉलेजच्या मैदानावर आकाश निरभ्र आणि वारा मंदच आहे. एकदा वादळात पत्र्याचं सायकल स्टँड उडालं, त्या दिवशीच्या तारखेलासुद्धा बेचाळीस जर्नलांमध्ये वारा मंदच होता. सरांनी सगळ्यांवर सह्या केल्या.

आता त्या सर्वेक्षणातला दगड. कॉलेज सुरू झालं तेव्हा कुणा जुन्या, हाडाच्या प्राध्यापकानं फाटकाशी एक काळा दगड पुरून घेतला होता. नीट मोजणी करून समुद्रसपाटीपासूनची त्याची उंची त्याच्यावर लाल रंगात लिहिली होती: ४५८.२ मीटर. विद्यार्थ्यांनी त्या दगडापासून ग्रंथालयाच्या पायरीची उंची काढायची, असा प्रयोग. रीत सोपी आहे. मध्ये तीन पायांच्या तिकाटण्यावर लेव्हलची दुर्बीण लावायची, बुडबुडा बरोबर मधोमध आणायचा. आकडे लिहिलेली उंच पट्टी आधी दगडावर धरायची, दुर्बिणीतून आकडा वाचायचा, मग पट्टी पायरीवर धरायची, पुन्हा वाचायचा. दोन्हींतला फरक म्हणजे पायरीची उंची. संस्कृतीच्या जर्नलमध्ये उत्तर होतं दोन मीटर पस्तीस सेंटीमीटर.

नऊ वर्षांपूर्वी फाटक रुंद करायचं निघालं. दगड आड येत होता. रणनवरे सरांनी सिद्धारामला सांगितलं, तो झेंड्याच्या ओट्याजवळच्या बागेत बसव, तिथे पाहुण्यांच्या डोळ्यांसमोर राहील. सिद्धारामनं पहार घालून दगड उपसला, ढकलगाडीवर घातला, वर चढावर नेऊन बागेत बसवला आणि आकडा नव्यानं रंगवला. रंगवताना त्याला राहवलं नाही. सर, ही जागा वर हाय, माणसाच्या छातीएवढी तरी वर हाय, आकडा बदलायला पायजे की, असं तो भीत भीत म्हणाला.

सर हसले. म्हणाले, "दगड तोच आहे ना? मग उंची कशी बदलेल?"

डॉक्टरेट मिळवलेला माणूस म्हणतोय म्हटल्यावर सिद्धारामनं जुनाच आकडा रंगवून पुरा केला. नंतर नऊ वर्षांत कुणाला काही कळलंही नाही, कारण कळण्यासाठी मोजावं लागतं. लेव्हलची पेटी कपाटावर होती आणि उत्तर झेरॉक्सच्या दुकानात. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना धम्मप्रिया या कॉलेजात आली.

धम्मप्रियाचे वडील एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. त्यामुळे यंत्र दिसलं की ते उघडायचं, हा घरचा संस्कार. ती पहिल्यांदा सिद्धारामच्या नजरेत भरली ती यंदाच्या अभ्यास सहलीत. सहलीचं नाव होतं 'भीमा नदीकाठच्या भूरूपांचे निरीक्षण'. बस विजापूर रोडनं निघाली, भीमेच्या पुलावर बारा मिनिटं थांबली, सरांनी पुढच्या सीटवरूनच खिडकीबाहेर बोट करून 'ही नदी' असं सांगितलं, आणि उरलेला दिवस गोलघुमटात एकमेकांच्या नावानं आरोळ्या ठोकण्यात गेला. अहवालात अर्थातच नदीच्या युवावस्थेपासून वृद्धावस्थेपर्यंत सगळं होतं. बारा मिनिटांत नदी म्हातारी झाली.

त्या बारा मिनिटांत ही मुलगी खाली उतरली होती. सिद्धाराम पाण्याच्या बाटल्या भरायला उतरला होता, त्याला तिनं विचारलं, मामा, हितं एका काठाला वाळू आणि समोरचा काठ उभा तुटलेला, असं का? एकतीस वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता. त्यानं बाटल्या खाली ठेवल्या. नदी वळणावर आतल्या अंगाला सावकाश जाते म्हणून वाळू टाकते, बाहेरच्या अंगाला जोरात जाते म्हणून काठ खाते, हे त्यानं तिला पुस्तकातल्या शब्दांत सांगितलं आणि मग बोरीत पोहताना कुठल्या अंगाला पाय टेकतो आणि कुठल्या अंगाला टेकत नाही, हे आपल्या शब्दांत सांगितलं. बसचा हॉर्न वाजला तेव्हा त्याला वाईट वाटलं. बाटल्या रिकाम्याच राहिल्या आणि त्याबद्दल सरांनी वर त्याला झापलं.

फेब्रुवारीत ती विभागात आली आणि म्हणाली, लेव्हल काढून द्या. सिद्धारामनं कपाटावरून पेटी काढली. आत गांधीलमाशीचं मातीचं घर निघालं. धम्मप्रियानं वडिलांकडून तेल आणून स्क्रू सैल केले आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी मैदानात तिकाटणं उभं केलं. सिद्धारामनं पट्टी धरली, तिनं वाचलं. पायरीची उंची आली एक मीटर बारा.

तिनं झेरॉक्सवाली जर्नल काढली. दोन पस्तीस. ती चक्रावली. माझंच चुकलं असणार, म्हणाली.

सिद्धारामला ठाऊक होतं की तिचं काही चुकलेलं नाही. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण त्या वाक्याच्या मागोमाग नऊ वर्षं उभी होती, सरांच्या सह्या होत्या आणि दगडाला लावलेला त्याचा स्वतःचा हात होता. निवृत्तीला तीन महिने राहिलेले. तो एवढंच म्हणाला, "परत घे की."

तिनं परत घेतलं. एक बारा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. फेब्रुवारीतलं सोलापूरचं ऊन म्हणजे दुसरीकडचा मे महिना. पोरगी ओढणी डोक्यावर घेऊन दुर्बिणीला डोळा लावून बसायची आणि सिद्धाराम पट्टीआड तोंड लपवून उभा राहायचा. पाच वेळा मोजलं. पाचही वेळा एक मीटर बारा. तिनं जर्नलमध्ये तेच लिहिलं, आणि 'आकाश निरभ्र'च्या जागी 'कडक ऊन, डोके दुखत होते' असंही लिहिलं.

रणनवरे सरांनी ती जर्नल उघडली आणि पेन खाली ठेवलं. बेचाळीस मुलांपैकी एक्केचाळीस जणांचं उत्तर सारखं, म्हणजे ते बरोबर, हे त्यांचं शास्त्र. या आकड्यावर सही होणार नाही, म्हणाले. सही नाही म्हणजे प्रात्यक्षिकाला बसता येत नाही. प्रात्यक्षिक नाही म्हणजे पदवी नाही. आणि धम्मप्रियाची पुण्याच्या एका मोजणी करणाऱ्या कंपनीत निवड झाली होती, जूनमध्ये निकाल दाखवला तरच तिला घेणार होते. हे सगळं तिनं सरांना सांगितलं. सर म्हणाले, मग अडचण काय आहे, दोन पस्तीस लिही, हा मी सही करतो. ती म्हणाली, सर, तुम्ही एकदा मोजून बघा. यावर सरांनी तिला पंधरा वर्षांचा अनुभव ऐकवला आणि परीक्षेच्या दिवसापर्यंत विचार कर म्हणून पाठवून दिलं.

सिद्धाराम तेव्हा तिथेच टेबल पुसत होता. एक टेबल पुसायला त्याला अर्धा तास लागला.

संध्याकाळी त्यानं ही हकिकत बायकोला, चंद्रव्वाला सांगितली. ती ज्वारी निवडत होती. तिनं कानडीत विचारलं, दगड हलवायला सांगितलं कुणी? सरांनी. हलवला कुणी? मी. मग त्यात तुमचं पाप काय, म्हणाली. पाप हलवण्यात नव्हतं हे सिद्धारामला कळत होतं. थोड्या वेळानं तिलाही कळलं असावं. ती म्हणाली, त्या पोरीला पाच वेळा उन्हात बसवताना तुमची जीभ कुठं होती? त्या दिवशी त्याला भाकरी गोड लागली नाही.

परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या कॉलेजच्या परीक्षक बाई आल्या. त्यांच्या स्वागताची तयारी जय्यत होती. शेंगाचटणीचं पुडकं, कडक भाकऱ्यांची चवड आणि एक चादर टेबलाखाली बांधून ठेवली होती. परीक्षा कशी घ्यायची याची चर्चा दोन मिनिटं झाली आणि जेवायला कुठं जायचं याची वीस मिनिटं. मग सर बाईंना म्हणाले की एक मुलगी अपात्र आहे, जर्नल अपूर्ण. धम्मप्रिया दारात उभी होती. तिनं जर्नल छातीशी धरली होती आणि तिचे डोळे सुजलेले होते. पण तिनं आकडा बदललेला नव्हता.

सिद्धाराम चहाचा ट्रे घेऊन आत आला. ट्रे टेबलावर ठेवला आणि कप पुढे करायच्या ऐवजी तो सरळ उभा राहिला.

"मॅडम, पोरीचं उत्तर बरोबर हाय," तो म्हणाला. "दगड मी हलवलाय. नऊ वर्सं झाली. खालचा वर आणलाय. आकडा तेवढा जुना हाय."

सर म्हणाले, अरे सिद्धाराम, तू चहा दे. सिद्धारामनं चहा दिला नाही. परीक्षक बाईंनी सरांकडे पाहिलं. त्यांच्या स्वतःच्या कॉलेजातही एक संस्कृती असणार, म्हणून त्यांना हा विषय वाढवायची हौस नव्हती. पण एका शिपायानं तोंडावर सांगितलेलं ऐकू आलंच नाही, असंही करता येईना. त्या म्हणाल्या, सर, चला ना, तुम्हीच एकदा बघून घ्या, पाच मिनिटांचं काम.

सगळी वरात मैदानात आली. धम्मप्रियानं लेव्हल लावली, बुडबुडा मधोमध आणला. सिद्धारामनं दगडावर पट्टी धरली. रणनवरे सर वाकले, एक डोळा मिटला, दुर्बिणीला लावला. पंधरा वर्षांत पहिल्यांदाच. आणि लगेच ओरडले, "अरे, पट्टी उलटी धरलीयस. सरळ कर."

सिद्धारामनं सरांकडे पाहिलं. सांगितलेलं काम त्यानं केलं. पट्टी उलटी केली. "हां, आता बरोबर," असं म्हणत सरांनी आकडा लिहिला. पायरीवरही तशीच धरायला लावली, तोही आकडा लिहिला, वजाबाकी केली, आणि उत्तर आलं की ग्रंथालयाची पायरी दगडापेक्षा एक मीटर बारा सेंटीमीटर खाली आहे. ग्रंथालय समोर चढावर उभं होतं. एक्केचाळीस मुलं मान वर करून ग्रंथालयाकडे बघत होती आणि सर वहीत बघत होते.

"सर," धम्मप्रिया हळूच म्हणाली, "ह्या जुन्या दुर्बिणीतून सगळं उलटंच दिसतं. मामांनी पट्टी सरळच धरली होती."

परीक्षक बाईंना अचानक खोकला आला. तो आवरल्यावर त्या म्हणाल्या की आधी जेवून घेऊ.

जेवणाला जाता जाता सरांनी सिद्धारामला बाजूला घेतलं. आवाज एकदम मऊ केला होता. म्हणाले, आम्ही तासाभरानं येतो. तेवढ्यात पहार घे आणि दगड पहिल्यासारखा फाटकाशी नेऊन ठेव. म्हणजे एक्केचाळीस मुलांचं उत्तर बरोबर होईल. एकीसाठी एक्केचाळीस पोरांचं नुकसान करायचं का? विचार कर, तुझ्या निरोपसमारंभाचं भाषण मलाच करायचंय.

जर्नल मैदानाशी जुळत नसेल तर मैदान जर्नलशी जुळवायचं, असा हा उपाय. सिद्धारामला क्षणभर त्यांचं कौतुकच वाटलं. सर निघून गेले. तो बागेत गेला आणि दगडावर बसला. पहार आणली नाही. डबाही तिथेच सोडून खाल्ला. दोन वाजता सर परत आले, त्यांना पाहिलं तरी तो उठला नाही. एकतीस वर्षांत कुठलेही सर समोर असताना तो बसलेला कुणी पाहिला नव्हता. बाई बरोबर असल्यामुळे सरांना काही बोलता येईना. बाईंनी तिथेच उभ्या उभ्या धम्मप्रियाची जर्नल मागितली, पानं चाळली, 'डोके दुखत होते' वाचून किंचित हसल्या, आणि सरांना म्हणाल्या, सही करा.

सरांनी सही केली.

मार्क गुप्त असतात, म्हणजे परीक्षकांचा शेवटचा चहा होईपर्यंत गुप्त असतात. साडेचारला सगळ्यांना कळलं. एक्केचाळीस जणांना वीसपैकी एकोणीस. धम्मप्रियाला वीस. कुणाचंही नुकसान नको आणि सत्याचाही मान राहिला पाहिजे, असा मधला मार्ग बाईंनी काढला होता. चादर घेऊन त्या गेल्या.

मैदान रिकामं झालं. धम्मप्रिया लेव्हल पुसून पेटीत ठेवत होती. सिद्धाराम तिकाटण्याचे पाय मिटत होता. त्याला वाटत होतं, आता ती आपले आभार मानेल. खरं सांगायचं तर तो त्याची वाटच बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा तो कुणासाठी तरी बोलला होता.

पेटीची कडी लावून ती म्हणाली, "मामा, तुमाला पहिल्या दिवसापासनं म्हाईत होतं?"

"व्हय," तो म्हणाला.

"मग पाच येळा का मोजायला लावलं?"

खोटं बोलायला जागा नव्हती. त्यानं सांगून टाकलं. "मला वाटलं, थकशील. थकून सगळ्यांसारखं उतरवून काढशील. मग मला बोलावं लागलं नसतं."

ती रागावेल असं त्याला वाटलं, ती रागावली नाही. तिनं पेटी त्याच्या हातात दिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सरांना म्हाईतच न्हवतं, मामा. तुमाला म्हाईत होतं."

एवढं बोलून ती गेली. एसटीच्या कॉलनीकडे जाणारी रिक्षा तिला फाटकावरच मिळाली.

सगळ्या सरांची एकतीस वर्षांतली बोलणी तराजूत एका बाजूला ठेवली तरी हे एक वाक्य जड होतं, आणि त्यात तिनं आवाजसुद्धा चढवला नव्हता. सिद्धारामनं पेटी विभागात नेऊन कपाटावर न ठेवता टेबलावर ठेवली. कोपऱ्यातला तारेचा ब्रश घेतला आणि बागेत येऊन दगडावरचा लाल आकडा घासायला बसला. रंगाचे नऊ वर्षांचे थर होते, दरवर्षी त्यानंच चढवलेले. निघायला वेळ लागला.

घरी निघालेले रणनवरे सर गाडी थांबवून खिडकीतून म्हणाले, अरे सिद्धाराम, हे काय चाललंय, हे तुला कुणी सांगितलं?

"कुणी न्हाय सांगितलं," सिद्धाराम म्हणाला आणि घासत राहिला.